पहिला कर्नल बिल्ड : कुठे अडलात, कसे सुटलात? (अनुभव धागा)

स्वतःचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सोर्सवरून कंपाइल करायचाच म्हणून बसलो आणि तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री पाऊण तास पळून शेवटी नुसतं 'एरर २'. मी येडा तीच ओळ शोधत बसलो, तिला काही अर्थच नसतो, ती फक्त सांगते की खाली कुठंतरी फाटलंय. बिल्ड चालवणाऱ्या मेक कमांडला जे १६ लावलेलं, म्हणजे सोळा कामं एकदम, एक पडलं तरी सुरू असलेली बाकीची आपलं संपवतात आणि त्यांच्या ओळी येतच राहतात, खरी चूक कधीच वर निघून गेलेली. मग सगळं आउटपुट एका फाइलीत घेतलं आणि तीन चांदण्या (***, मेक चुकीच्या ओळीत टाकतं त्या) पहिल्यांदा कुठं येतात ते बघितलं, तर एक पेम फाइल (सर्टिफिकेटची) सापडत नव्हती. कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, मी उबंटूची उचललेली, त्यात सर्टिफिकेटचा पाथ असतो, आणि ती फाइल उबंटूच्या सोर्समध्ये असते, कर्नल डॉट ऑर्गवरून उतरवलेल्या सोर्समध्ये नसते. कॉन्फिगमधलं सिस्टिम ट्रस्टेड कीज (तोच पाथ) रिकामं केलं, परत बिल्ड, परत तेच, आता रिव्होकेशन कीज! दोन्ही रिकामे केल्यावर गाडी पुढे सरकली. तुमचं काय काय झालं? लाज न बाळगता लिहा.

*

माझा बिल्ड एकदम सुरळीत झाला, म्हणून जास्तच हवेत होते. रीबूट केलं तर पॅनिक (कर्नल हात टेकून थांबतो), रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही, अननोन ब्लॉक शून्य कॉमा शून्य. शून्य शून्य म्हणजे कर्नलला डिस्कच दिसत नाहीये हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टिम, त्यात ड्रायव्हर असतात) केलं नव्हतं आणि मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगचे ऑप्शन निवडायचा मेन्यू) एनव्हीएमईसमोर एम ठेवलेला, एम म्हणजे कर्नलच्या बाहेर वेगळं मॉड्यूल, म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर त्याच डिस्कवर, उघडणार कोण? एनव्हीएमई आणि एक्स्ट४ (फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर) दोन्हीसमोर एमच्या जागी चांदणी, म्हणजे कर्नलच्या आतच, आणली, उठलं. ग्रबमध्ये (कर्नल निवडून सुरू करणारा बूटलोडर) जुना कर्नल तसाच होता म्हणून वाचले, तो काढू नका प्लीज.

*

मी कंपायलरला शिव्या घालत होतो, कारण दर वेळी वेगळ्याच फाइलवर 'किल्ड' म्हणून मरायचा. डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघितलं तर आउट ऑफ मेमरी. ८ जीबी रॅम आणि जे १६, दुसरं काय होणार. जे २ वर रात्रभर लावून झोपलो.

*

दोन तास मेन्यूकॉन्फिगमध्ये एकेक ऑप्शन वाचून टिकमार्क केले, मग कुणीतरी म्हणालं आधी साफ करून घे, मी मेक एमआरप्रॉपर मारलं. ते डॉट कॉन्फिगसुद्धा, म्हणजे निवडलेले सगळे ऑप्शन, उडवतं. बस, एवढाच अनुभव.

*

लोकलमॉडकॉन्फिग वापरा, बिल्ड खूप लवकर होतो, मी अजूनही तेच वापरतो. पण ते त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स धरतं. आठवड्यानं पेनड्राइव्ह लावला तर ढिम्म, यूएसबी स्टोरेज बिल्डमध्येच नाही! आता आधी घरातलं जे जे लावता येईल ते लावून घेतो, मग कमांड.

*

माझं जरा वेगळं, मी शून्यातून छोटा कर्नल लिहीत होते, लिनक्स नाही. ग्रब म्हणे मल्टीबूट हेडर (ज्यावरून ग्रब कर्नल ओळखतो ती खूण) नाही. अहो डोळ्यासमोर आहे की फाइलीत! हेडर पहिल्या ८१९२ बाइट्सच्या आत लागतो, आणि माझ्या असेंब्लीतल्या सेक्शनचं नाव नि लिंकर (तुकडे जोडून एक फाइल करणारा) स्क्रिप्टमधलं नाव यात एका अक्षराचा फरक, त्यामुळे लिंकरनं तो सेक्शन पार शेवटी नेऊन टाकलेला. एरर नाही, वॉर्निंग नाही. आता प्रत्येक बिल्डनंतर ग्रब-फाइलनं तपासते. त्यानंतर क्यूएमू (ज्यात कर्नल चालवून बघते तो इम्युलेटर) सारखा रीस्टार्ट व्हायला लागला, त्याला नो-रीबूट दिलं आणि इंटरप्टचा लॉग चालू केला तेव्हा ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच परत चूक, शेवटी सीपीयू रीसेट) दिसला. स्टॅक पॉइंटर स्टॅकच्या तळाला लावलेला, टोकाला नाही. एक्स८६ वर स्टॅक खाली वाढतो हे वाचलं होतं, पाठ पण होतं, तरी.

*

बूट पार्टिशन भरलं का कुणाचं? माझं भरलं, डीबग इन्फोमुळे मॉड्यूल्स अवाढव्य आणि तीच सगळी इनिटरॅमएफएसमध्ये. मॉड्यूल इन्स्टॉल करताना इन्स्टॉल मॉड स्ट्रिप १ दिलं (डीबग इन्फो काढून टाकतं), इनिटरॅमएफएस बराच बारीक झाला.

*

धागाकर्ता परत. दुसरी रात्र पाहोल नावाच्या टूलनं खाल्ली होती, बीटीएफसाठी (कर्नलमधल्या टाइप्सची माहिती) लागतं, ड्वार्व्ह्ज पॅकेजात असतं. तिसऱ्या रात्री बूट झालं, यूनेममध्ये (कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड) मी दिलेलं नाव दिसलं, स्क्रीनशॉट काढला. वायफाय मात्र गायब आहे. तो ड्रायव्हर मी एमवरून चांदणीवर नेला होता, वरचं वाचून आता वाटतंय फर्मवेअरची (वायफाय चिपमध्ये चढवायचा प्रोग्रॅम) फाइल डिस्कवर आणि हा ड्रायव्हर डिस्क माउंट व्हायच्या आधीच ती मागत असणार. परत एम करून बिल्डला लावलंय.