मोठ्या कुत्र्याला विजांच्या कडकडाटाची भीती: वळवाच्या दिवसांत काय करावे?

नमस्कार. आमच्याकडे सात वर्षांचा, 36 किलो वजनाचा जर्मन शेफर्ड आहे. सातारा शहराच्या कडेला आमचे बैठे घर आहे. गेल्या वर्षीच्या वळवापासून त्याला विजांची अनावर भीती वाटू लागली आणि यंदा ती आणखी वाढली आहे. त्याआधी कितीही गडगडाट झाला तरी तो पडवीत निवांत झोपून असे, त्यामुळे या बदलाचे कारण आम्हाला उमगत नाही.

जुलै-ऑगस्टमधील संततधारेचा त्याला काहीही त्रास होत नाही, उलट त्या पावसात तो आनंदाने भिजतो. घाबरतो तो एप्रिल-मेच्या वळवाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला, कारण आपल्याकडे विजा कडाडतात त्या मुख्यतः याच दोन काळांत. वारा सुटून आभाळ भरून आले की, आम्हाला गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच, तो धापा टाकू लागतो, लाळ गाळत घरभर येरझारा घालतो आणि दारे ओरबाडतो. मागे एकदा जाळीचे दार फोडून तो अंगणात गेला होता; फाटक बंद होते म्हणून रस्त्यावर गेला नाही.

खरी अडचण त्याच्या आकाराची आहे. वळीव येतो दुपारनंतर, आणि त्या वेळी घरी सत्तरी ओलांडलेली आई एकटीच असते. याला गळपट्ट्याला धरून थांबवणे तिच्या ताकदीबाहेरचे आहे. टीव्ही किंवा पंखा मोठ्याने लावण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, परंतु आमच्याकडे पहिल्या कडकडाटालाच वीज जाते. अंगाला घट्ट बसणारे जाकीट मिळते असेही कळले. मात्र एवढ्या दाट केसांच्या आणि आधीच धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मे महिन्यात ते घालणे मला पटत नाही.

पशुवैद्यांनी असेप्रोमाझिनची गोळी दिली होती. ती दिल्यावर तो एका जागी पडून राहतो खरा, पण डोळे ताणलेले असतात आणि अंगाची थरथर थांबत नाही. ही भीती कमी झाल्याची खूण मानावी का? शिवाय, अशा वेळी त्याला जवळ घेतल्यास भीती वाढते, असे शेजारी आईला बजावतात. यात तथ्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार. मी पशुवैद्यकीय व्यवसायात आहे. कुत्र्याला न तपासता मात्रा सांगणे योग्य होणार नाही, परंतु काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतील.

प्रथम त्याचे खुबे, गुडघे आणि पाठ तपासून घ्यावी. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवाजाची भीती असलेल्या ज्या कुत्र्यांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते, त्यांच्यात ती भीती तुलनेने उशिरा, मोठ्या वयात सुरू झाल्याचे आढळले होते. दचकल्यावर अंग आखडते, आखडलेला दुखरा भाग अधिक दुखतो आणि मग तो आवाजच वेदनेशी जोडला जातो. जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचे विकार नेहमी दिसतात, म्हणून ही तपासणी टाळू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र घरच्या घरी कदापि देऊ नयेत. कुत्र्यांसाठी त्या घातक ठरू शकतात.

गोळीविषयी आपले निरीक्षण अचूक आहे. असेप्रोमाझिनने शरीर सुस्त होते, भीती कमी होत नाही. काही कुत्रे तर आवाजाला अधिकच दचकतात. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनसारख्या पर्यायांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ही औषधे गडगडाटाच्या साधारण एक-दोन तास आधी द्यावी लागतात, आणि वेळेचे हे गणितच बहुतेकांचे चुकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, तथापि ती सूचना गोळीच्या दृष्टीने उशिराच येते. त्यामुळे हवामान खात्याचा त्या दिवसाचा अंदाज सकाळीच पाहून गोळीचे ठरवावे आणि ‘दामिनी’चा उपयोग त्याला वेळीच घरात घेण्यासाठी करावा.

त्याला जवळ घेण्यास काहीच हरकत नाही. भीती ही भावना आहे, शिकवलेली सवय नव्हे. धीर दिल्याने ती बळावत नाही. मात्र आईंनी त्याला धरून ठेवू नये, कारण घाबरलेला मोठा कुत्रा सुटण्यासाठी झटका देईल आणि त्या पडतील. बाहेरचे दार भक्कम लावून आतली दारे उघडी ठेवावीत. बहुतेक कुत्रे आपणहून न्हाणीघर किंवा पलंगाखालची जागा निवडतात. तिथेच गोधडी आणि पाणी ठेवून खिडकीला जाड पडदा लावावा. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्यापुढे टाकावा. तो खात असेल तर हे आईंना बसल्या जागेवरून करता येईल. खातच नसेल तर भीती त्या पलीकडे गेली आहे आणि औषधाची गरज आहे, असे समजावे. जाकिटाबद्दलची आपली शंका रास्त आहे, या उन्हात ते नकोच.

ध्वनिमुद्रित गडगडाट हळू आवाजात ऐकवून सवय लावण्याचा प्रयोग आत्ता सुरू करू नये. सरावाच्या मध्येच खरी वीज कडाडली तर सगळे मुसळ केरात. दिवाळीचे फटाके संपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम आहे.