प्रवासासाठी कॅमेरा: नक्की कुठला घ्यावा?

भटकभवानी
मंडळी, सल्ला हवाय. लांबचा प्रवास ठरतोय. डोंगर, जुनी शहरं, संग्रहालयं असं सगळं आहे. आजवर मोबाइलवर भागवलं. उन्हात झकास येतं, पण अंधाऱ्या दालनात चेहरे मेणाचे दिसतात आणि लांबचं काही ओढून घ्यायला गेलं की नुसता चिखल.
दिवसभर खांद्याला झेपला पाहिजे. नवरा आणि मुलं बरोबर असतील, त्यामुळे लेन्स बदलत बसले तर कोणी थांबणार नाही. शिकायची तयारी आहे. जमल्यास पक्षीही टिपायचेत. ओळखीतले एक जण म्हणतात, थेट फुल फ्रेम (प्रकाश टिपणारी चिप मोठी असलेला कॅमेरा) घे. मन घेत नाहीये.

लख्ख
फुल फ्रेम. डोळे झाकून. घ्यायचा तर एकदाच.

तिपाई
भवानीताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे ती चिप, ३६×२४ मिमी; त्याहून लहान जात एपीएस-सी, ती साधारण २३.५×१५.६. मोठा सेन्सर प्रकाश जास्त गोळा करतो, वादच नाही. पण तेवढ्या सेन्सरवर चित्र पाडायला काचही तेवढीच मोठी लागते आणि खरं ओझं तिचं असतं. सोनीची फुल फ्रेमसाठीची २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स (दुसरी आवृत्ती) ६९५ ग्रॅमची आहे. (मिमी जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त.) एपीएस-सीवर जवळपास तेवढाच आवाका देणारी सिग्मा १८-५० एफ/२.८ भरते २९० ग्रॅमच्या आसपास. संध्याकाळी चौथ्या जिन्यावर हा फरक कळतो.

बॉडीबरोबर (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर) स्वस्तात येणारी किट लेन्स मात्र टाळा. झूम केल्यावर ती एफ/५.६ वर जाते, म्हणजे एफ/२.८ च्या पाव प्रकाश. दालनात २.८ वर १/६० सेकंद मिळत असेल तर तिथे त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १/१५ मिळेल. १/१५ मध्ये मूर्ती नीट येते, पण मूर्तीपुढे उभ्या पोराने मान वळवली की चेहऱ्याच्या जागी फराटा. 'स्टॅबिलायझेशन आहे ना' असं दुकानदार सांगेल. ते आपला हात सावरतं, पोराची मान नाही.

माझं मत: सिग्माची ती एकच लेन्स आणि बॉडी सोनी ए६७०० किंवा फुजी एक्स-एस२०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, या दोन्ही बॉडींत आहे. बॅटरी-कार्डासकट दोन्ही ५०० ग्रॅमच्या आत. लेन्स घेताना माउंट (लेन्स बसवायची खाच) बॉडीचाच आहे ना, तेवढं तपासा.

रानवाट
तिपाईंना +१, पण ताईंना लेन्स बदलायचीच नसेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७ का नको? ३०२ ग्रॅम, खिशात मावतो, २४ ते २०० मिमीचा आवाका, वर व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी). कडक उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा तो वाचवतो. मी डोंगरात हाच नेते.

तिपाई
डोंगरात छानच. पण सेन्सर १३.२×८.८ मिमी आणि २०० ला एफ/४.५. ताईंची मूळ तक्रार अंधाऱ्या दालनाची आहे.

भटकभवानी
दोघांचेही आभार. आणि पक्षी?

रानवाट
पक्षी सोडा या खेपेला. झाडावरचा छोटा पक्षी नीट यायला ४०० मिमीच्या पुढे जावं लागतं. फारच हौस असेल तर मायक्रो फोर थर्ड्स (एपीएस-सीहूनही लहान सेन्सरचे कॅमेरे) बघा. तिथे १००-३०० ची लेन्स २००-६०० सारखं दाखवते आणि पिशवीत मावते. पण मग लेन्स बदलणं आलं, कुटुंब पुढे निघून गेलं.

लख्ख
फुल फ्रेमची मजाच वेगळी, मी एवढंच म्हणेन.

तिपाई
लख्खराव, मजा आहेच. पण प्रश्न खांद्याचा आहे.

जुनाफिल्मवाला
मॉडेलचं वर चाललंय ते चालू द्या, मी वरकामाचं सांगतो. जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची असते. सोनीची मोठी एनपी-एफझेड१०० सुद्धा १६.४ चीच, तेव्हा चिंता नको. फक्त टोकांना टेप लावा किंवा प्रत्येकीला वेगळी पिशवी द्या.
थंडीतून उबदार खोलीत आलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. गार काचेवर दव धरतं, आतल्या बाजूलाही. बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीइतका ऊबदार होईपर्यंत तसाच राहू द्या.
घड्याळ तिथल्या वेळेला लावा, नाहीतर मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर जेवण आधी आणि सकाळ नंतर.
आणि कॅमेरा निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. फोकसचा चौकोन कसा हलवायचा हे घरात पोरांमागे धावूनच हाताला बसतं.

भटकभवानी
ठरलं, एपीएस-सी आणि २.८ वाली. ए६७०० की एक्स-एस२० हे हातात धरून बघते. काही विशेष बघायचं का?

तिपाई
लेन्स लावूनच धरा. करंगळी टेकायला जागा आहे का बघा. मग डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, न बघता आयएसओ बदलून पाहा. ज्यात बोट आपसूक जागेवर जाईल तो घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच बघा, चौकटीचे कोपरे दिसतात का ते.

भटकभवानी
चष्मा आहे. बरं झालं सांगितलंत. शनिवारी जाते.