ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून झाल्या, आता वेगवेगळ्या प्रकारचं नवीन कथावाङ्मय शोधायचं कसं?

मेडिकलवाली_बार्शी
नमस्कार मंडळी. माझं बार्शीत मेडिकलचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं, तेवढा वेळ माझा वाचनाचा. आजवर वाचलं ते सगळं ऐतिहासिक नाहीतर पौराणिक, कारण सासऱ्यांनी जमवलेलं कपाटच तसं होतं. ते आता संपलं. मला रहस्य, भय, विज्ञान, आजच्या गावाकडच्या गोष्टी, सगळंच चाखून बघायचंय. पण एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशिवाय फारसं काही नसतं. ऑनलाइन एक ऐतिहासिक कादंबरी घेतली की पुढे तशाच दहा दाखवतात. चारशे-पाचशे रुपये घालून न आवडणारं पुस्तक घरात आणणं जिवावर येतं. तुम्ही नवीन लेखक कसे शोधता? नुसती यादी देऊ नका, पद्धत सांगा.

ग्रंथपाल_वाईकडचा
ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. काउंटरवर हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: कादंबरीपासून सुरुवात करू नका, कथेपासून करा. आणि कथा दिवाळी अंकात वाचा.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतला नवा कथालेखक बहुधा याच दारातून आत येतो. एका अंकात आठ-दहा कथा असतात, लेखक सगळे वेगळे. एखादी नाही आवडली तर वीस मिनिटं गेली, पाचशे रुपये नाही गेले. प्रकारही अंकाअंकांनी वाटलेले आहेत. रहस्य, गूढ, भय हवं असेल तर ‘धनंजय’ आणि ‘नवल’. विनोदाला ‘आवाज’. जरा सावकाश, मन लावून वाचायची कथा हवी असेल तर ‘मौज’ किंवा ‘दीपावली’. आमच्याकडे ‘धनंजय’ आणि ‘नवल’ टेबलावर टिकतच नाहीत, त्यांना आधीपासून नंबर लागलेले असतात.

अंक विकत घ्यायची गरज नाही. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते. नेहमीच्या वर्गणीशिवाय थोडे जादा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. अख्ख्या हंगामाची वर्गणी धरली तरी एका जाड कादंबरीपेक्षा स्वस्त पडते.

आता खरी पद्धत सांगतो. अनुक्रमणिका उघडली की ओळखीची नावं सोडून द्या. मोठ्या लेखकाची कथा कुठे पळून जात नाही, ती पुढे पुस्तकात येतेच. जे नाव कधी ऐकलेलं नाही, ते आधी वाचा. कथा आवडली तर वहीत तीन गोष्टी लिहा: लेखकाचं नाव, अंकाचं नाव, साल. पुढच्या वर्षी तेच नाव दुसऱ्या अंकात दिसलं की समजा, हा लिहिता माणूस आहे. मग त्याचा कथासंग्रह मागा.

संग्रह हातात आला की पहिली आणि शेवटची पानं नीट बघा. कथांची पूर्वप्रसिद्धी तिथे बऱ्याचदा छापलेली असते, म्हणजे कुठली कथा कुठल्या अंकात, कोणत्या वर्षी आली ते. वाचक ते पान उलटून पुढे जातात. माझ्या मते वाचकाला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी यादी नाही. आवडलेल्या कथेचा अंक तिथे सापडतो, तो अंक काढला की त्याच संपादकाने निवडलेले आणखी सात-आठ लेखक भेटतात. संपादकाची आवड एकदा ओळखता आली की पुढची वाट तोच दाखवतो.

कृष्णविवर_७४
विज्ञानकथेपुरतं सांगतो. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञान रंजन कथा स्पर्धेतल्या कथा मिळतील तिथे वाचा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांना लेखक कोण ते माहीत नव्हतं आणि पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. मला स्पर्धांमधल्या कथा आवडतात त्या यासाठीच, तिथे नावाचं वजन नसतं. मुलं मोठी असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

उदगीरचा_वाचक
ग्रंथपालसाहेबांचा अनुभव मोठा आहे, पण माझं थोडं वेगळं मत. हल्ली कित्येक अंकांत जाहिराती जास्त आणि कथा कमी असते. मी साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारांवर लक्ष ठेवतो. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळतो, त्यामुळे नावं खरोखर नवी असतात. २०२४ साली मराठीचा पुरस्कार ‘उसवण’ या कादंबरीला मिळाला. लेखक देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, आणि कादंबरीही शिंप्याचीच. तयार कपड्यांनी मशीन कसं बंद पडत जातं ते आतून लिहिलंय. ताई, तुळजापूर तुमच्यापासून किती जवळ! गावाकडच्या आजच्या गोष्टी म्हणालात ना, मग इथूनच सुरू करा. जाडही नाही, दुकानात बसून वाचून होईल.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितेय. दोन गोष्टी. पहिली, कोंकणी कथा थेट वाचून बघा. बरीचशी देवनागरीत असते, पहिली चार-पाच पानं अडखळायला होतं, मग कानाला लय सापडते. मोठ्याने वाचलं तर आणखी लवकर. दामोदर मावजोंना ज्ञानपीठ मिळाल्यावर मी मूळ कोंकणीतून वाचायला घेतलं आणि पात्रांची बोलणी जशी ऐकू आली तशी अनुवादात आली नव्हती. इथे पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मला हवं ते बहुतेक मिळतं, तुम्हाला मात्र मागवावं लागेल.

दुसरी, अनुवादकाच्या नावावरून पुस्तक निवडा. उमा कुलकर्णींचं नाव दिसलं की मी कन्नड लेखक कोण आहे ते न बघता पुस्तक उचलते. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘आदान-प्रदान’ मालेत इतर भारतीय भाषांमधली पुस्तकंही मराठीत आहेत, आणि किंमती खिशाला झेपणाऱ्या.

मेडिकलवाली_बार्शी
सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजच केली, औषधांच्या ऑर्डरच्या वहीशेजारी ठेवलीय. एक शंका: दिवाळी होऊन बरेच महिने झाले. आता वाचनालयात गेले तर अंक मिळतील का? आणि आमच्या इथे कथासंग्रह फारसे घेतच नाहीत, मागितलं की सांगतात, ‘कुणी वाचत नाही.’

ग्रंथपाल_वाईकडचा
मिळतील. हंगाम संपला की अंकांचे गठ्ठे बांधून मागच्या खोलीत किंवा माळ्यावर जातात. ‘जुने दिवाळी अंक बघायचेत’ असं स्पष्ट सांगा, ग्रंथपाल बहुधा खूश होतो, कारण ते गठ्ठे कुणी सोडत नाही. कथा शिळी होत नाही. जुना अंक उलट फायद्याचा, त्यातल्या नव्या नावांचं पुढे काय झालं ते लगेच शोधता येतं.

उदगीरकरांचं जाहिरातींबद्दलचं म्हणणं खरं आहे. म्हणून तर अंक विकत घेण्याआधी वाचनालयात चाळा म्हणतो. पण युवा पुरस्कार पुस्तकाला मिळतो, आणि पुस्तक व्हायच्या आधी लेखक कुठेतरी छापून आलेला असतो. तो तिथे पहिल्यांदा भेटावा असं मला वाटतं.

‘कुणी वाचत नाही’ यावर उपाय म्हणजे मागणीची वही. ती प्रत्येक वाचनालयात असायला हवी, नसेल तर साध्या अर्जावर द्या. पुस्तक, लेखक, प्रकाशक असं पूर्ण लिहा, ‘चांगले कथासंग्रह घ्या’ असं मोघम नको. मान्यताप्राप्त वाचनालयाला सरकारी अनुदान असतं, त्यातून ग्रंथखरेदी करावीच लागते. आमच्याकडे खरेदीची यादी करताना समितीसमोर मी ती वही ठेवतो. एकाच पुस्तकाखाली तीन-चार वाचकांच्या सह्या असल्या तर ते सहसा नाकारलं जात नाही. तुमच्या दुकानात येणाऱ्यांपैकी कोण वाचतं ते तुम्हाला ठाऊक असेलच, त्यांच्याही सह्या घ्या. ‘उसवण’ पहिल्या ओळीत लिहा.