खेळाडूंच्या डॉक्टरने सोनोग्राफीचा प्रोब स्वतः धरावा का?

पार्क मैदान (धागाकर्ता)
सोलापुरात नऊ वर्षं खेळाडूंच्या दुखापती बघतोय. माझं म्हणणं असं, की क्रीडावैद्यक शिकणाऱ्या डॉक्टरला सांधे-स्नायूंची सोनोग्राफी स्वतःच्या हाताने करता आली पाहिजे, म्हणजे अंगावर फिरवायचा तो प्रोब स्वतः धरता आला पाहिजे. एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म्सही वाचता आल्या पाहिजेत, नुसता खालचा निष्कर्ष नव्हे.

हे का लिहितोय ते सांगतो. आठशे मीटर पळणारी सोळा वर्षांची मुलगी नडगी दुखते म्हणून आली होती. मी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. आठवडाभर विश्रांती दिली आणि पळायला सोडलं. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण शेजारी बसवून कुणी फिल्म दाखवली नव्हती. महिन्याने ती लंगडत आली तेव्हा हाडावर रेघ स्पष्ट होती. तिचा अख्खा मोसम गेला, तो माझ्यामुळे.

पोटरी फाटलीय की नुसती आखडलीय, हे सोनोग्राफीत पाच-दहा मिनिटांत कळतं. शिवाय पाय हलवायला लावून बघता येतं. एमआरआयमध्ये निपचित पडून राहावं लागतं.

होटगी रोड
मी रेडिओलॉजिस्ट आहे. डॉक्टर, तुमची कळकळ पोहोचली, पण तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. त्या मुलीला सोनोग्राफी नको होती, एमआरआय हवा होता. आणि त्याआधी मला एक फोन.

प्रोब धरणं दिसतं तितकं सोपं नाही. टाचेमागचा जाड टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, घ्या. प्रोब त्याला काटकोनात असेल तर तो पांढरा, रेघारेघांचा, चमकदार दिसतो. मनगट जरासं कललं की तोच टेंडन काळा पडतो. नवख्याला वाटतं, फाटला! मी निवासी डॉक्टर असताना हीच चूक केली होती. सरांनी माझं मनगट धरून सरळ केलं आणि पडद्यावरची ‘फाटलेली’ जागा नाहीशी झाली. वर्ष-दीड वर्ष रोज बघितल्यावर ती भीती गेली. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते येत नाही.

दुसरं म्हणजे, पैलवानाच्या गुडघ्यात जास्त काय जातं? एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध, आणि मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कुर्चेची गादी. सोनोग्राफीत दोन्ही नीट दिसत नाहीत. मशीन ‘नॉर्मल’ दाखवणार आणि पोरगं पुन्हा मॅटवर जाणार.

तालमीतला
साहेब, तुमी दोघं मोठी माणसं, पण आमचं ऐका. पोराचा खांदा गेला की आधी हळद-गुळाचा लेप, मग चोळणारा, मग ओळखीचा डॉक्टर. तोवर पंधरा दिवस गेलेले असतात. मग एमआरआय काढा म्हणतेत. बापाची चार एकर कोरडवाहू, तो कुठनं आणणार पैसे? त्या साहेबांनी जागेवर बगितलं तर काय बिगडतं?

बार्शी नाका
वस्ताद, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण मला उलटीच काळजी वाटते. हातात मशीन आलं की माणूस बोट लावायचं विसरतो. घोटा मुरगळला तर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला १९९२ पासून ओटावाचे नियम आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबून दुखतं का? पावलातल्या दोन ठरावीक हाडांवर दुखतं का? लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येतात का? एवढं बघितलं की बरेच एक्स-रे वाचतात.

आणि कंबरेचे एमआरआय! ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्याही मणक्याच्या चकत्यांत झीज दिसते. रिपोर्टात ‘डिस्क’ हा शब्द वाचून बापाने पोराची कुस्ती बंद केल्याचं मी बघितलंय. कधी काढायचं नाही, हे आधी शिकवा.

पार्क मैदान
बार्शी नाका, शंभर टक्के मान्य. पण ‘ही झीज वयाची आहे, दुखणं दुसरीकडे आहे’ असं बापाला ठामपणे सांगायला फिल्म स्वतःला वाचता यायला हवी. नाहीतर डॉक्टरही त्या शब्दाला घाबरतो.

होटगी रोड, मुलीच्या बाबतीत तुमचं बरोबर, एमआरआयच हवा होता. तो कधी मागायचा हेच मला शिकवलं गेलं नव्हतं. गुडघ्याचंही मान्य. पण मांडी, पोटरी, घोट्याची लिगामेंट्स (हाडाला हाड जोडणारे बंध), खांद्याचे टेंडन सोनोग्राफीत चांगले दिसतात. एमबीबीएस डॉक्टरसाठी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २०१४ च्या नियमांत सोनोग्राफीचं सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण आहे, पण ते पोट आणि ओटीपोटाचं. तो कायदा कडक हवाच, त्याबद्दल दुमत नाही. खांदा शिकायची वाट मात्र त्यात कुठेच नाही.

होटगी रोड
हे खरं आहे, त्यात खांदा नाही.

माझी हरकत शिकण्याला नाही, एकट्याने निदान करून मोकळं होण्याला आहे. माझ्या शेजारी बसून दीडशे खांदे बघा, आधी तुमचं निदान लिहा, मग माझं वाचा. किती चुकले ते वहीत मांडा. त्यानंतर आपण पुन्हा वाद घालू.

पार्क मैदान
दीडशे कबूल. गुरुवारी दुपारी येऊ का?

तालमीतला
मग मशीन घेऊनच या की तालमीत. तीन पोरं खांदा धरून बसलीत.

होटगी रोड
वस्ताद, त्याच कायद्यामुळे २०१२ पासून पोर्टेबल मशीनही असं कुठेही नेता येत नाही, परवानगी जाईल. पोरांनाच गुरुवारी घेऊन या. पैशाचं नंतर बघू. आणि तोवर कुणाला खांदा चोळू देऊ नका.