खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाल थर आणि हिरवे शेवाळ : प्रवाहाची मांडणी कशी बदलावी?

नमस्कार. मी फोंड्यात राहतो. माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच टाकी असून खडक व वाळू वजा जाता तिच्यात सुमारे 200 लिटर पाणी राहते. सम्पमधून (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतून) परत येणारे पाणी ताशी 1,500 लिटर आणि डाव्या काचेवरचा वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) ताशी 4,000 लिटर, म्हणजे प्रवाह टाकीतल्या पाण्याच्या ताशी 27 पट होतो. मऊ प्रवाळ आणि एक हॅमर (हातोडीसारख्या टोकांचा प्रवाळ) एवढ्यांना तो पुरेसा असावा. पाणी सगळीकडे पोहोचत नाही, हीच खरी अडचण वाटते.

उजव्या कोपऱ्यात, खडकांच्या मागे, उरलेले खाद्य साचते त्याच वाळूवर लाल-जांभळा चिकट थर धरतो. सकाळी तो विरळ असतो, दुपारपर्यंत सलग होऊन त्यावर बारीक बुडबुडे येतात आणि नळीने ओढला की पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून तो सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा) असावा असे मी धरून चाललो आहे. याउलट झोत थेट बसतो त्या खडकावर लाल थर नाही, पण केसांसारखे हिरवे शेवाळ भरपूर आहे. झोत उजवीकडे वळवला तर वाळू उडून तळाची काच उघडी पडते आणि हॅमर मिटून घेतो.

नायट्रेट 10 आणि फॉस्फेट 0.15 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), सापेक्ष घनता 1.025, तापमान 27 अंश. दिवे आठ तास. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या गोड्या पाण्याने किनाऱ्याजवळची क्षारता उतरते, म्हणून समुद्राचे पाणी न आणता आरओच्या पाण्यात मीठ मिसळतो. (पिण्याच्या आरओत टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, वाढवण्यासाठी कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, ती बंद ठेवली आहे.)

उजव्या बाजूस दुसरा लहान वेव्हमेकर लावून दोन्ही आळीपाळीने चालवावेत, की खडक मागच्या काचेपासून चार बोटे पुढे घेऊन पाण्याला मागून वाट द्यावी? अँटिबायोटिक टाकण्याची माझी मुळीच इच्छा नाही, कारण थर एकदम मेला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पावसात इथे वीज गेली तर मासे वाचवणे कठीण होईल. हिरव्या शेवाळासाठी फॉस्फेट उतरवायचे झाल्यास सम्पमध्ये चेटोमॉर्फा (फॉस्फेट शोषणारे तारांसारखे शेवाळ) वाढवणे पुरेसे होईल, की लोहयुक्त फॉस्फेट-शोषक लागेलच? ज्यांनी मऊ प्रवाळांसोबत हे केले आहे त्यांनी प्रवाहाची दिशा आणि वेव्हमेकरची उंची कृपया सविस्तर सांगावी.