मदत हवी आहे : शेअर काकांच्या नावावर, पैसे बाबांचे. सभेत मत कोणाचं?

फोंड्यातल्या एका छोट्या खाजगी कंपनीचे शेअर बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतले, पण काकांच्या नावावर. डिव्हिडंड काका इमानेइतबारे बाबांच्या खात्यात भरतात. सभेची नोटीस मात्र येते काकांना, लखोट्यावर नाव त्यांचंच. डिमॅट असते तर प्रश्नच नव्हता. तिथे नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था), तरी मत खातेदाराचं. हे पडले कागदी.

कंपनी कायदा २०१३, कलम ८९ प्रमाणे नाव एकाचं, हक्क दुसऱ्याचा हे कंपनीला कळवायला काकांनी एमजीटी-४, बाबांनी एमजीटी-५ हा फॉर्म भरायचा, तोही ३० दिवसांत. कोणीच भरला नाही! आता उशिरा चालेल? भरला तरी मत काकांचंच राहणार ना? मग काकांकडून प्रॉक्सी (त्यांच्या वतीने मत द्यायचा अधिकार) घ्यावी की सरळ शेअर बाबांच्या नावावर ट्रान्सफर? शिवाय काकांचं लग्न गोव्यातलं, तिथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे काकीचा अर्धा वाटा आलाच. तिचीही सही लागेल का?