मदत हवी आहे: वेल्डवर फिल्मची डेन्सिटी (काळेपणा) कमी येते

नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आरटीचं (रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी वेल्डची फिल्म काढून तपासणी) काम बघतो. गॅमा किरणांचा सोर्स इरिडियम-१९२, फिल्म डी७ प्रकारची, स्टीलची प्लेट २२ मिमी.

सोर्स ४० क्युरी (ताकदीचं एकक) होता तेव्हा ५०० मिमी अंतरावर ३ मिनिटांत छान फिल्म यायची. त्या जॉबवर वेल्ड घासून सपाट केलेला होता. आता ३७ दिवस झाले. हाफ लाइफ (ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ) ७४ दिवस धरून सोर्स साधारण २८ क्युरी उरला, म्हणून वेळ १.४१ पट. अंतर ६०० केलं, वर्गाच्या नियमाने आणखी १.४४ पट. म्हणजे ६ मिनिटं ६ सेकंद. तरी प्लेटवर डेन्सिटी २.२ आणि वेल्डवर १.८! गॅमाला किमान २ लागते, फिल्म नापास.

या वेल्डवर ३ मिमी रीइन्फोर्समेंट (प्लेटच्या वर आलेला वेल्डचा उंचवटा) आहे, ते मी धरलंच नव्हतं. स्टीलची हाफ व्हॅल्यू (किरण निम्मे करणारी जाडी) १२.५ मिमी घेतली तर वेळ १८ टक्के वाढवावा लागेल. तेवढं पुरेल का? की थंडीत डेव्हलपरही (फिल्मवर प्रतिमा उमटवणारं रसायन) गार पडतोय? सकाळी टाकी १६ अंशांवर असते, आणि आम्ही २० अंशांचीच ५ मिनिटं देतो. आधी काय सुधारू? परवा पुन्हा शूट आहे, कृपया अनुभवी लोकांनी सांगा.